संगणकासाठी पॉवर्ड स्पीकर: कोणते घ्यावेत, कसे जोडावेत आणि गुणगुण कशी घालवावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात दहा बाय बारा फुटांच्या खोलीत माझा डेस्कटॉप संगणक आहे. वडिलांनी आकाशवाणीवरून टेप केलेल्या शास्त्रीय गायनाच्या कॅसेटी संगणकावर उतरवून त्यांची साफसफाई करण्याचे काम मी सध्या करतो आहे. त्याशिवाय बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या प्रतीही माझ्या संग्रहात आहेत. ऐकणे बहुतेक टेबलाशी बसूनच होते, आणि टेबल भिंतीला टेकलेले आहे.

सध्याचा संच बराच जुना, म्हणजे दोन चिमुकले स्पीकर आणि टेबलाखाली एक सबवूफर असा आहे. त्यावर डग्गा कोणत्याही गाण्यात सारखाच घुमतो, गायकाचे शब्द मागे पडतात, आणि गाणे लावलेले नसले तरी संगणक चालू असेपर्यंत एक मंद गुणगुण सतत ऐकू येते. हा संच बदलून चांगले पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेले) स्पीकर घ्यावेत असे ठरवले आहे. खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये. एका दुकानदाराने बुकशेल्फ प्रकारचे, म्हणजे फळीवर मावणारे घरगुती स्पीकर सुचवले, तर दुसऱ्याने, गाणे समजून ऐकणाऱ्याने स्टुडिओ मॉनिटरच (ध्वनिमुद्रण पारखण्याचे स्पीकर) घ्यावेत, असा आग्रह धरला. दोन्हींच्या मागची जोडणीची भोके वेगवेगळी आहेत, आणि माझ्या संगणकाच्या मागे रंगीत गोल भोकांची एक रांग आहे, एवढेच मला ठाऊक आहे. कोणता प्रकार घ्यावा, तो कसा जोडावा, मध्ये वेगळे डॅक (संगणकातल्या डिजिटल ध्वनीचे स्पीकरसाठीच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारे उपकरण) घ्यावे लागेल का, आणि नवे स्पीकर आल्यावर गुणगुण आपोआप जाईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ठेका

तुम्ही खोलीचे माप आणि संग्रहाचे स्वरूप सांगितलेत हे बरे झाले, कारण निवड या दोन गोष्टींवर अवलंबून असते, वॉटवर नाही. आपल्याकडे खोक्यांवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचे, हजारोंचे आकडे छापण्याची पद्धत होती आणि स्वस्त मालावर ते अजूनही दिसतात. त्या आकड्यामागे कोणतेही प्रमाणित मापन नाही, त्यामुळे तो वाचूच नये. आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा, एवढाच आकडा पाहावा आणि तोही फार मनावर घेऊ नये. साधारण स्पीकर एक वॉट दिला असता एक मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. टेबलाशी बसलेल्या माणसाचे कान स्पीकरपासून सुमारे सत्तर सेंटिमीटरवर असतात, म्हणजे तेवढ्याच एका वॉटवर तुम्हाला ८८ डेसिबल मिळतील, आणि तेवढ्या आवाजात घरातले लोक दार वाजवायला येतील. समेवर येताना पडणारी जोरदार थाप सरासरीच्या बरीच वर जाते आणि तिच्यासाठी राखीव ताकद लागते हे खरे असले, तरी एका बाजूला वीस-पंचवीस वॉट आरएमएस या खोलीत पुरून उरतात.

खरा प्रश्न खालच्या स्वरांचा आहे. पुरुष गायकासाठी काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत) लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर येतो, आणि चार इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा भाग) तिथपर्यंत कसाबसा उतरतो. त्यामुळे शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला मोठे स्पीकर लागतात असे सांगितले जाते. मला हे पटत नाही. तानपुऱ्याच्या ध्वनीत मूळ स्वरापेक्षा जवारीतून (घोडीवर तार हलकेच घासल्याने येणाऱ्या झंकारातून) उमटणाऱ्या उपस्वरांचा वाटा मोठा असतो, आणि त्या उपस्वरांची रांग शाबूत असली की खालचा मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो. म्हणूनच तानपुरा लावून स्पीकर पारखू नये, तो लहान स्पीकरवरही बरा वाटतो. पारख डग्ग्यावर करावी. तबलजी मनगट पुढे सरकवून डग्ग्यावर मींड काढतो, तेव्हा स्वर खालून वर चढत जातो. तो चढ सलग ऐकू आला पाहिजे. घुमणाऱ्या संचावर त्या मींडेच्या जागी एकाच ठिकाणचा जाड धम्म आवाज येतो, आणि तुमच्या सबवूफरचे दुखणे नेमके हेच आहे.

त्या दुखण्यात खोलीचाही हात आहे. दहा आणि बारा फुटांवर असलेल्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये अनुक्रमे ५६ आणि ४७ हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी अडकून फुगतात, आणि सबवूफर नेमका त्याच पट्ट्यात जोर लावतो. साडेतीन-चार इंची स्पीकर त्या पट्ट्यात मुळात फारसा उतरत नाही, त्यामुळे त्याची ती उणीव तुमच्या खोलीत पथ्यावर पडेल.

आता प्रकाराविषयी. दोन्ही दुकानदारांनी दाखवलेले स्पीकर पॉवर्डच आहेत, म्हणजे ॲम्प्लिफायर पेटीतच आहे. फरक रचनेत आहे. स्वस्त जोड्यांमध्ये सगळी यंत्रणा एकाच पेटीत असते आणि दुसऱ्या पेटीला फक्त तार जाते; एडिफायर आर१२८०टी हा चार इंची, दोन्ही मिळून ४२ वॉट आरएमएसचा संच आणि प्रीसोनस एरिस ३.५ हा साडेतीन इंची लहान मॉनिटर, हे दोन्ही याच घडणीचे आहेत. त्याउलट यामाहा एचएस५ सारख्या मॉनिटरमध्ये प्रत्येक पेटीत वूफरला ४५ आणि ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणाऱ्या भागाला) २५ वॉटचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर असतो, प्रत्येक पेटीला वेगळी वीज लागते, आवाजाचे बटण प्रत्येकीच्या पाठीमागे असते, आणि जोडीची किंमत तुमच्या मर्यादेच्या पलीकडे जाते. पाठीमागच्या बटणांचा जाच घरी फार होतो. ऐकता ऐकता फोन आला तर आवाज कमी करायला दोन्ही हात भिंतीकडे घालावे लागतात, आणि पुन्हा दोन्ही बटणे सारखी लावावी लागतात.

तुमचे काम दुहेरी आहे. कॅसेटीची खरखर काढताना काहीही न लपवणारा स्पीकर हवा; पण ७८ फेऱ्यांची तबकडी निवांतपणे ऐकायची असेल तर तोच स्पीकर नकोसा होतो, कारण तिच्या वरच्या पट्टीत गाण्यापेक्षा सुईचा खरखराटच जास्त असतो. म्हणून वरची पट्टी थोडी उतरवण्याची सोय असलेला संच घ्यावा. आर१२८०टीच्या बाजूला बास आणि ट्रेबलची बटणे आहेत, एरिस ३.५ ला ती मागे असली तरी आवाजाचे बटण आणि हेडफोनचे भोक पुढे आहे. साफसफाईचे काम डोळ्यांपुढे ठेवून मी एरिसच्या बाजूने मत देईन. पुण्याला जाणे होत असेल, तर बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत स्वतःचे गाणे पेनड्राइव्हवर नेऊन ऐकावे. दुकानात लावलेल्या नाचाच्या गाण्यावरून काहीही कळत नाही.

सोल्डर

ठेका यांच्याशी निवडीबाबत सहमत आहे. जोडणीविषयी लिहितो, कारण बहुतेक घोळ तिथे होतात.

तुमच्या रांगेतील हिरवे भोक स्पीकरसाठी, गुलाबी माइकसाठी आणि निळे बाहेरून ध्वनी आत घेण्यासाठी असते; कॅसेट उतरवताना तुम्ही निळेच वापरत असाल. स्पीकर मागच्या हिरव्या भोकालाच जोडावेत. कॅबिनेटच्या पुढच्या भोकापर्यंत आतून जी बारीक तार येते, ती मदरबोर्डवरून जाताना बराच कचरा गोळा करते, आणि माउस हलवला की स्पीकरमधून किणकिण ऐकू येते ती बहुधा तिच्यामुळे.

मागच्या हिरव्या भोकातून आरसीए, म्हणजे लाल-पांढऱ्या गोल जोडण्या, असलेल्या स्पीकरला जायचे, तर एका टोकाला ३.५ मिमीची स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन आरसीए अशी केबल पुरते. लाल म्हणजे उजवी बाजू. स्टुडिओ मॉनिटरला ६.३५ मिमीची जाड भोके असली की मात्र सावध राहावे. पिनेवरची काळी कडी मोजावीत: मोनो पिनेवर एक, स्टीरिओ पिनेवर दोन आणि मोबाइलच्या माइकसह हेडफोनवर तीन. मॉनिटरचे ते भोक दोन कड्यांची पिन स्वीकारते, पण स्टीरिओ म्हणून नव्हे. तिच्या दोन वाहिन्यांमधील फरक तेवढा ते उचलते, कारण बॅलन्स्ड जोडणीत (एकच ध्वनी एका तारेतून सरळ आणि दुसरीतून उलटा पाठवण्याच्या पद्धतीत) वाटेत शिरलेला गोंगाट त्याच वजाबाकीने नाहीसा करायचा असतो. संगणकाची स्टीरिओ पिन कन्व्हर्टर लावून सरळ तिथे खुपसली, तर डाव्यातून उजवा वजा होतो. मग स्टीरिओ गाण्यातला मधोमध ठेवलेला गायक गायब होतो आणि कडेची वाद्ये तेवढी पोकळ ऐकू येतात. तुमच्या जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांत तर दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही, आणि माणूस स्पीकर बिघडलेला समजून दुकानात परत नेईल. त्यासाठी एका टोकाला ३.५ मिमी स्टीरिओ आणि दुसऱ्या टोकाला एकेक कड्याच्या दोन मोनो पिना असलेली केबल मागावी.

काही मॉनिटरांच्या मागे +४ आणि −१० असा स्विच असतो. +४ ही स्टुडिओतील उपकरणांची पातळी, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, तर −१० ही घरगुती, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. संगणकाच्या हिरव्या भोकासाठी −१० ठेवावा. त्यावर फारच मोठा आवाज आला तरच दुसरीकडे न्यावा. संगणकातील आवाजाची पट्टी जवळजवळ पूर्ण वर ठेवून रोजची कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करावी. याच्या उलट केले, तर स्पीकर संगणकाचा गोंगाटही मोठा करून ऐकवतो.

वेगळ्या डॅकची आज गरज नाही. पुढे कॅसेटी अधिक चांगल्या उतरवायच्या ठरल्या, तर नुसते डॅक न घेता ऑडिओ इंटरफेस घ्यावा. फोकसराइट स्कार्लेट २आय२ सारख्या पेटीला दोन इनपुट आणि बॅलन्स्ड आउटपुट असतात, त्यामुळे एकाच खर्चात दोन्ही कामे होतात. आणखी एक गोष्ट: पडदा एचडीएमआयने जोडलेला असेल, तर विंडोज कधीकधी परस्पर त्या पडद्यालाच आवाज पाठवू लागते. नवे स्पीकर मुके वाटले, तर केबल बदलण्याआधी साउंड सेटिंगमध्ये आउटपुट कोणते निवडलेले आहे ते पाहावे.

बिनतारी

एवढ्या तारांच्या भानगडीत कशाला पडायचे? ब्लूटूथचे पॉवर्ड स्पीकर घ्यावेत. संगणकाशी एकदा जोडले की काम झाले, आणि तार नसल्यामुळे गुणगुणही नाही.

सोल्डर

नुसती गाणी ऐकायची असती तर हरकत नव्हती. ब्लूटूथवर आवाज पोहोचायला सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका उशीर सहज होतो. चित्रफीत दाखवणारे प्रोग्रॅम तो पुष्कळदा सांभाळून घेतात, पण ध्वनिलहरीचा आलेख पाहत कॅसेटमधला एकच टिकटिकाट नेमका कापायचा असतो, तेव्हा डोळ्यांना दिसते एक आणि कानांना ऐकू येते आधीचे, अशी अवस्था होते. शिवाय संग्रह स्वच्छ करायचा आणि ऐकताना पुन्हा ध्वनी आकसून पाठवायचा, यात अर्थ नाही. तार तोडायचीच असेल तर ऑप्टिकल जोडणी उत्तम. संगणकाच्या मागे चौकोनी भोक असेल आणि त्यातून तांबडा उजेड दिसत असेल, तर ते तेच. एडिफायरच्याच आर१२८०डीबीला तसे इनपुट आहे. प्रकाशाच्या तारेतून वीज जात नसल्यामुळे त्या मार्गाने येणारी गुणगुण तिथेच संपते.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. माझ्या संगणकाला चौकोनी भोक नाही. गुणगुणीबाबत येथे वाचून थोडे तपासून पाहिले. संगणकाचा आवाज पूर्ण बंद केला तरी ती राहते. स्पीकरची पिन हिरव्या भोकातून उपसली की जाते. आणि पिन नुसती कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवली तरी पुन्हा येते. पावसाळ्यात अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला तर बोटांना झिणझिण्या येतात, हेही लक्षात आले. याचा परस्परांशी संबंध आहे का?

वायरमनकाका

संबंध आहे, आणि स्पीकरच्या आधी त्याकडे पाहिले पाहिजे.

संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये आत येणाऱ्या विजेतील गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे लहान कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग जागेवर असेल, तर त्यांतून झिरपणारा नगण्य प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. अर्थिंगची तार तुटलेली असेल किंवा मुळातच ओढलेली नसेल, तर पत्रा अधांतरी राहून फेजच्या निम्म्या, म्हणजे साधारण ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे माणूस दगावत नाही, पण झिणझिण्या येतात. तोच प्रवाह मग वाट शोधत तुमच्या ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून स्पीकरमध्ये जातो आणि ऐकू येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण ५० वर आणि तिच्या पटींत असते. काळी एकमध्ये गाणाऱ्याला तर १०० हर्ट्झचा तो स्वर तीव्र मध्यमाच्या किंचित वर, भलत्याच जागी छळतो. पत्र्याला पिन टेकवल्यावर ती परत आली, यावरून वाट कोणती ते तुम्हीच सिद्ध केले आहे. नवे स्पीकर आणले तरी ती आपोआप जाईलच असे नाही.

जुन्या घरांत तीन भोकांचे सॉकेट बसवलेले असते, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते, असे सर्रास आढळते. परवानाधारक वायरमनला बोलावून ते भोक तपासून घ्यावे. नुसत्या मीटरवर विसंबू नये, कारण अधांतरी तारही मीटरवर खोटा व्होल्टेज दाखवते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॉटचा दिवा लावला आणि तो न्यूट्रलवर पेटतो तितकाच लख्ख पेटला, तर अर्थिंग खरे. घरात आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर दिवा लावताच तो खाली पडेल, आणि तीही चांगलीच खूण आहे. दिवा मिणमिणला तर मातीचा खड्डा कोरडा पडला आहे किंवा जोड गंजले आहेत. हे काम तुम्ही स्वतः करू नये.

दोन गोष्टी कोणी सुचवल्या तरी करू देऊ नयेत. पहिली, संगणकाची किंवा स्पीकरची तिसरी जाड दांडी काढून टाकणे किंवा तीनचे दोन करणारा प्लग लावणे. गुणगुण जाते, पण आत कधी फेज पत्र्याला लागली तर पत्रा जिवंत होतो. दुसरी, सॉकेटच्या मागे न्यूट्रललाच अर्थ जोडून देणे. हा उद्योग काही वायरमन वेळ वाचवायला करतात. वाटेत कुठे न्यूट्रल तुटला, की अशा सॉकेटवरच्या उपकरणाच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात.

अर्थिंग दुरुस्त झाल्यावर संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावेत. दोन्ही तीन दांड्यांचे असतील आणि वेगवेगळ्या सॉकेटवर असतील, तर दोन अर्थांमध्ये केबलच्या जाळीतून वळसा तयार होतो आणि चांगल्या घरातही गुणगुण येते. एवढे करूनही शिल्लक राहिली, तर ऑडिओ केबलच्या मध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घ्यावा. त्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणून ध्वनी पलीकडे जातो, पण जाळीची वाट तुटते. अगदी स्वस्त आयसोलेटर डग्ग्याचा खालचा भाग खातात, म्हणून तो शेवटचा उपाय समजावा. यूएसबी डॅकने मात्र हे दुखणे जात नाही, कारण यूएसबीच्या तारेतून संगणकाचा ग्राउंड तसाच पुढे जातो.

कृष्णाकाठ

काका, वायरमन येऊन गेले. खोलीतील सॉकेटमागे हिरवी तार कापून टेपने गुंडाळून ठेवलेली निघाली. ती जोडून मुख्य बोर्डापासून अर्थिंग तपासले, दिवा लख्ख पेटला. झिणझिण्या बंद झाल्या आणि जुन्या संचावरची गुणगुणही जवळजवळ नाहीशी झाली. एरिस ३.५ घेऊन आरसीए केबलने जोडले आहेत. शब्द स्वच्छ येतात, पण मोनो तबकडी लावली असता आवाज समोरून न येता दोन्ही कडांना पसरल्यासारखा वाटतो, आणि डग्गा अपेक्षेपेक्षा पातळ आहे. जागा चुकली आहे की स्पीकरच लहान पडले?

सोल्डर

आधी दोन पेट्यांमधली तार पाहा. ॲम्प्लिफायर असलेल्या पेटीच्या लाल क्लिपमधून निघालेली तार दुसऱ्या पेटीच्या लालमध्येच गेली पाहिजे. एका टोकाला अदलाबदल झाली, तर एक वूफर पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. खालचे स्वर एकमेकांना खातात आणि मधोमध उभा राहायला हवा तो गायक कडांना विरतो. लक्षणे तीच दिसतात. तारेच्या एका बाजूला रेघ किंवा छापील अक्षरे असतात, ती बाजू दोन्ही टोकांना लालमध्ये घालावी. स्पीकर बंद करूनच तार काढावी, आणि क्लिपच्या बाहेर तांब्याचा एकही केस मोकळा राहू देऊ नये.

ठेका

तार सरळ झाल्यावर जागेकडे वळा. दोन पेट्यांमधले अंतर आणि प्रत्येक पेटीपासून डोक्यापर्यंतचे अंतर सारखे ठेवावे, आणि पेट्या थोड्या आत वळवून ट्वीटर कानाच्या उंचीला आणावेत. टेबल बुटके असेल तर खाली तिरका फोम किंवा दोन जाड पुस्तके चालतात. भिंतीमुळे खालचे स्वर वाढतात, त्यामुळे पेटी मागे सरकवली की डग्गा जाड होतो आणि पुढे ओढली की मोकळा होतो. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे घेऊन सुरुवात करा आणि ती मींड ऐकत थोडे थोडे सरकवा. मागचे बासचे बटण तोवर मधल्या खुणेवरच राहू द्यावे.